तिथिरक्षक

छत्रपती संभाजीनगरच्या नागर जीवनाचा अभ्यास करणाऱ्याला गुलमंडीवरचा पिढीजात कापड व्यापारी, वाळूजला पाळीवर जाणारा कामगार, पीएच.डी. करता करता पोक्त झालेला विद्यापीठीय संशोधक आणि कोणत्याही खड्ड्याभोवती हात मागे बांधून उभा राहणारा निरीक्षक हे नमुने सहज सापडतात; परंतु आषाढापासून आश्विनापर्यंत या शहरात आणखी एक नमुना मुबलक आढळतो आणि त्याच्याकडे समाजशास्त्राचे म्हणावे तसे लक्ष गेलेले नाही. कोणताही सण आपल्या तिथीच्या आधी दुकानात दिसू लागला की ज्याचा जीव कासावीस होतो, जो त्याविरुद्ध बोलतो, वर्तमानपत्राच्या वाचकांच्या पत्रव्यवहारात लिहितो, प्रसंगी महापालिकेकडे अर्ज करतो, आणि एवढे सगळे करूनही ज्याला कोणी विरोध करीत नाही व कोणी ऐकतही नाही, अशा गृहस्थाला प्रस्तुत लेखात ‘तिथिरक्षक’ ही संज्ञा दिली आहे.

तिथिरक्षक बहुधा पुरुष असतो, साठी ओलांडलेला असतो आणि समर्थनगर, उस्मानपुरा, गारखेडा किंवा सिडकोच्या एखाद्या जुन्या सेक्टरमध्ये स्वतःच्या, कर्ज फिटलेल्या घरात राहतो. तो बँकेतून, अनुदानित शाळेतून किंवा जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेला असू शकतो. तथापि या जातीचा अस्सल प्रतिनिधी पाटबंधारे खात्यातलाच, कारण ज्याची हयात जायकवाडीच्या कालव्यांवर गेली त्याच्या मनात ‘पाणीपाळी’ ही कल्पना पक्की रुजलेली असते. पाणीपाळी म्हणजे ठरलेल्या तारखेला, ठरलेल्या चारीला, ठरलेले दिवस सोडलेले पाणी. वरच्याने दार आधी उघडले की खालच्याचे पीक वाळते. सणांचेही तसेच असून दिवाळीचे दार भाद्रपदात उघडले की नवरात्र कोरडे जाते, असा त्याचा सिद्धान्त आहे. हा सिद्धान्त त्याने अनेकांना ऐकवला असला तरी तो आजवर कोणी खोडून काढलेला नाही, कारण तो संपेपर्यंत कोणी थांबलेले नाही.

त्याच्या अधिकाराचा उगम भौगोलिक आहे. महाराष्ट्र ज्या शालिवाहन शकाने वर्षे मोजतो त्या शकाचे नाव परंपरेने ज्या शालिवाहनाशी जोडले जाते त्याची राजधानी पैठण, म्हणजे प्राचीन प्रतिष्ठान, याच जिल्ह्यात आहे. तेव्हा तिथीच्या बाबतीत देशाला शिस्त लावण्याची जबाबदारी ओघानेच या जिल्ह्यावर आणि जिल्ह्यातल्या रिकाम्या वेळेच्या माणसांवर येऊन पडते. त्याच्या देवघराशेजारी सोलापूरचे दाते पंचांग असते आणि स्वयंपाकघराच्या दारामागे कालनिर्णय लटकत असते; पहिले तो प्रमाण मानतो आणि दुसरे वापरतो. चांद्रवर्ष सुमारे 354 दिवसांचे व सौरवर्ष सुमारे 365 दिवसांचे असल्याने इंग्रजी तारखांच्या हिशेबात सण दर वर्षी साधारण अकरा दिवस आधी येतात, आणि सुमारे साडेबत्तीस महिन्यांनी येणारा अधिक मास त्यांना पुन्हा जागेवर बसवतो, हे तो भाजीवाल्यालाही समजावून सांगतो. लक्ष्मीपूजन 2023 मध्ये 12 नोव्हेंबरला, 2024 मध्ये 1 नोव्हेंबरला आणि 2025 मध्ये 21 ऑक्टोबरला आले, हे त्याला तोंडपाठ असते. ही अकरा दिवसांची सवलत चंद्राने दिलेली असताना दुकानदारांनी तीवर आणखी चाळीस दिवसांची सवलत आपल्या मनाने जाहीर करावी, हे त्याला खगोलशास्त्राच्या कामकाजात केलेला हस्तक्षेप वाटते.

या हस्तक्षेपाची पाहणी तो पायी करतो. शनिवारी सुपारी हनुमानाच्या दर्शनाला जाताना पैठण गेटपासून टिळक पथाने गुलमंडीपर्यंतचा रस्ता त्याच्या नजरेखालून जातो आणि परतताना औरंगपुऱ्याची फेरी होते. दर्शनाला पाच मिनिटे लागतात आणि पाहणीला दीड तास. ज्येष्ठात राख्या, आषाढात महालक्ष्म्यांचे मुखवटे, श्रावणात गणपतीची मखरे, आणि अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे विसर्जनाच्या मिरवणुकीतला गुलाल रस्त्यावरून धुतला जाण्यापूर्वीच, आकाशकंदील, हा बाजाराचा क्रम त्याने वहीत उतरवून ठेवलेला आहे. कंदिलाच्या दुकानासमोर तो थबकतो. घड्या घालून पाकिटात बसणारा, उघडला की करंजीसारख्या पाकळ्या पसरणारा प्लास्टिकचा कंदील दोरीला टांगलेला असतो, त्याच्या तळाशी गेल्या वर्षीच्या किमतीवर चिकटवलेली यंदाची चिठ्ठी असते, आणि शेजारी दिव्यांच्या माळांचा गुंता सोडवत एक पोरगा स्टुलावर बसलेला असतो.

“काय हो, अजून पितर जेवायचेत आणि तुम्ही कंदील टांगले?” असा प्रश्न तो मालकाला विचारतो. “काका, आता टांगले तं जातेत. दिवाळीत टांगून कोण बघतंय?” हे मालकाचे उत्तर असते. यानंतर तिथिरक्षकाने संस्कृतीवर पाच वाक्ये बोलावीत आणि मालकाने गिऱ्हाईक सांभाळत “खरंय काका” असे पाच वेळा म्हणावे, हा प्रघात आहे. शेवटी तिथिरक्षक जाता जाता, केवळ माहितीसाठी, किंमत विचारतो. ती तीनशे असते आणि काकांसाठी अडीचशे होते. दिवाळीत हाच कंदील केवढ्याला मिळेल, असे विचारल्यावर “दिवाळीत हा भेटणारच नाही” असे उत्तर येते. या उत्तराचा पुढे काय परिणाम होतो ते योग्य ठिकाणी येईल.

दुकानदाराची बाजू तिथिरक्षकाला ठाऊक नसते असे नाही. ती त्याला पटत नाही, एवढेच. गुलमंडीवरच्या व्यापाऱ्याला दिवाळीचा माल पावसाळ्याच्या सुरुवातीलाच नोंदवावा लागतो, मालाचे पैसे उधारीची मुदत संपली की द्यावे लागतात, आणि अरुंद दुकानामागच्या अरुंद गोदामात राख्या, मखरे, घागरे आणि कंदील एकमेकांच्या उरावर बसलेले असतात. जो माल आत मावत नाही तो बाहेर टांगला जातो आणि जो टांगला जातो तो सण होऊन बसतो. सणांची घाई ही बऱ्याच अंशी गोदामाच्या लांबीरुंदीतून जन्मते, हे निरीक्षण वास्तविक एका अभियंत्याला सुचायला हवे होते. पण निवृत्तीनंतर अभियंता संस्कृतीकडे वळतो आणि गोदामे मोजायची राहून जातात.

गुलमंडी सोडून तो शहागंज किंवा सिटी चौकाकडे वळला की त्याचा सूर पालटतो. रमजानच्या महिन्यात तिथल्या रात्री सुकामेवा, शेवया, अत्तर आणि चपलांच्या गाड्यांनी फुललेल्या असतात, पण ईद नेमकी कधी हे एकोणतिसाव्या रोज्याच्या संध्याकाळपर्यंत कोणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही, कारण ते चंद्रदर्शनावर ठरते. “चाचा, चाँद दिखे तो ईद, नै तो परसों,” असे तिथला शेवयावाला सांगतो तेव्हा तिथिरक्षकाला कृतकृत्य वाटते, आणि आपल्या बाजूलाही असा एखादा चंद्र असता तर, अशी खंत तो परतीच्या वाटेवर व्यक्त करतो. आपल्याही सणांचा कारभार त्याच चंद्राकडे आहे आणि तो आगाऊ गणित करून पंचांगात छापण्याचा उद्योग आपल्याच लोकांनी केला, ही गोष्ट त्या क्षणी त्याच्या ध्यानात राहत नाही.

रस्त्यावरच्या दुकानांशी त्याचे भांडण घरगुती स्वरूपाचे आहे; खरे वैर आहे ते मोबाइलमधल्या बाजाराशी. येथे त्याने केलेले संशोधन दखल घेण्याजोगे आहे. ‘पितृपक्ष’ म्हणजे भाद्रपदाचा वद्य पक्ष, ज्या पंधरवड्यात दिवंगत पूर्वजांची श्राद्धे होतात आणि नवे कपडे, दागिने, वाहन किंवा घर घेणे अनेक घरांत टाळले जाते. फ्लिपकार्टचा ‘बिग बिलियन डेज’ हा सेल 2014 मध्ये पहिल्यांदा आला तो 6 ऑक्टोबरला, म्हणजे दसरा उलटून गेल्यावर, आणि त्याबद्दल तिथिरक्षकाची तक्रार नव्हती. पुढे मात्र 2021 मध्ये फ्लिपकार्ट आणि ॲमेझॉन या दोघांचेही मोठे सेल 3 ऑक्टोबरला सुरू झाले आणि सर्वपित्री अमावस्या होती 6 ऑक्टोबरला. 2022 मध्ये सेल 23 सप्टेंबरला आणि अमावस्या 25 ला. 2023 मध्ये सेल 8 ऑक्टोबरला आणि अमावस्या 14 ला. 2024 मध्ये सेल 27 सप्टेंबरला आणि अमावस्या 2 ऑक्टोबरला. सलग चार वर्षे देशातली सर्वांत गाजावाजा झालेली खरेदी पितरांच्या साक्षीने सुरू झाली, हा निष्कर्ष तिथिरक्षकाने लाल शाईने अधोरेखित केलेला आहे. त्यावर त्याच्या सौभाग्यवतींचे मत असे की पितरांनाही बघू द्या, नातवंडं काय काय घेतायत ते.

या योगायोगामागचे कारण पितरांविषयीचा अनादर हे नसून देशाचा विस्तार हे आहे. बंगालमध्ये दुर्गापूजेचे नवे कपडे पूजेच्या आधीच घरात यावे लागतात, त्यामुळे तिथली खरेदी नेमकी याच पंधरवड्यात रंगात येते, आणि एकाच तारखेला साऱ्या देशासाठी दुकान उघडणाऱ्याला कोलकात्याची घाई आणि पैठणचा संयम यांतून एकाचीच निवड करावी लागते. 2025 मध्ये मात्र चमत्कार घडला. घटस्थापना 22 सप्टेंबरला होती, वस्तू व सेवा कराचे घटवलेले दर केंद्र सरकारने त्याच दिवसापासून लागू केले आणि दोन्ही सेल 23 सप्टेंबरला सुरू झाले. नव्या दरांच्या अपेक्षेने गिऱ्हाईक थांबले होते, म्हणून व्यापारी थांबले, असा याचा साधा अर्थ आहे. तिथिरक्षकाने तो आपल्या चार पत्रांचा परिणाम मानला आहे आणि ते मानू देण्यात कोणाचे काही जात नाही.

त्याच्या वहीतले सर्वांत जाड प्रकरण फलकांचे आहे. ‘फलक’ म्हणजे चौकात बांबूंवर ताणलेले फ्लेक्स, ज्यांवर वर नेते, खाली कार्यकर्ते आणि उरलेल्या जागेत देव असतो. पूर्वी प्रत्येक सणाला वेगळा फलक लागे; आता काटकसरीसाठी गणेशोत्सव, नवरात्र, दसरा आणि दीपावली या चारही सणांच्या हार्दिक शुभेच्छा एकाच फ्लेक्सवर छापून पोळ्याच्या सुमारास टांगल्या जातात आणि तुळशीच्या लग्नापर्यंत फाटत राहतात. या शहराची महापालिका एप्रिल 2020 पासून प्रशासकाच्या हाती होती आणि निवडणूक झाली थेट 15 जानेवारी 2026 ला. मधल्या प्रत्येक सणासुदीला क्रांती चौकापासून टीव्ही सेंटरपर्यंत ‘भावी नगरसेवक’ हे पद धारण करणाऱ्यांनी शहराला शुभेच्छा दिल्या. जे पद अस्तित्वात नाही त्यावर निवडून न आलेल्या माणसाने न आलेल्या सणाच्या शुभेच्छा द्याव्यात, यात तिथिरक्षकाला बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी ही म्हण तिन्ही अंगांनी सिद्ध झालेली दिसते. त्यातले काही भावी खरोखरच नगरसेवक झाले, पण त्यांनी फलक उतरवले नाहीत. फक्त ‘भावी’ या शब्दावर पट्टी चिकटवली.

आपली व्यथा केवळ स्थानिक नाही, हे कळल्यापासून तिथिरक्षकाला एक प्रकारचे आंतरराष्ट्रीय बळ आले आहे. फिलिपिन्समध्ये सप्टेंबर उजाडला की नाताळची गाणी लागतात, ही बातमी तो दर वर्षी सप्टेंबरात पुढे पाठवतो. त्याचा अधिक आवडता दाखला अमेरिकेचा आहे. तिकडचा ‘थँक्सगिव्हिंग’ हा कृतज्ञतेचा सण नोव्हेंबरच्या शेवटच्या गुरुवारी असे आणि नाताळची खरेदी तो झाल्यावर सुरू करण्याची रीत होती. 1939 मध्ये तो शेवटचा गुरुवार 30 नोव्हेंबरला आल्याने खरेदीचे दिवस कमी पडतील, अशी तक्रार मोठ्या दुकानदारांनी केली आणि राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी सणच एक आठवडा अलीकडे, 23 नोव्हेंबरला आणला. काही राज्यांनी नवी तारीख पाळली, काहींनी जुनी, टेक्साससारख्या राज्याने दोन्ही दिवशी सुटी घेतली, आणि अखेर 1941 मध्ये अमेरिकी संसदेला कायदा करून नोव्हेंबरचा चौथा गुरुवार मुक्रर करावा लागला. बाजारासाठी तिथी हलवली तर प्रकरण संसदेपर्यंत जाते, हा यातला बोध तिथिरक्षक अधोरेखित करतो. तिथी हलली ती हललीच आणि नवा दिवसही दुकानदारांच्या सोयीचाच ठरला, हा भाग तो सांगत नाही.

आता त्याच्या घरात डोकावणे आवश्यक आहे, कारण कोणत्याही तत्त्वज्ञानाची कसोटी स्वयंपाकघरात लागते. मराठवाड्यात ज्येष्ठागौरींना ‘महालक्ष्म्या’ म्हणतात. त्या उभ्या असतात, जरीची पैठणी नेसतात, तीन दिवसांच्या माहेरपणात त्यांना सोळा भाज्या आणि पुरणाचा नैवेद्य लागतो, आणि त्यांचे शाडूचे मुखवटे अधूनमधून नव्याने रंगवून घ्यावे लागतात. रंगवणाऱ्याकडे श्रावणात रांग लागते म्हणून तिथिरक्षकाच्या घरचे मुखवटे आषाढ लागताच कापडात गुंडाळून बाहेर पडतात. याला घाई म्हणत नाहीत, तयारी म्हणतात. स्वतःच्या घरात तिथीच्या आधी जे केले जाते ती ‘तयारी’ आणि दुसऱ्याच्या दुकानात जे केले जाते ती ‘घाई’, असा हा पारिभाषिक भेद असून तिथिरक्षकाच्या संपूर्ण विचारव्यूहाचा डोलारा त्यावर उभा आहे.

हा भेद सर्वांत जास्त ताणला जातो तो फराळाच्या वेळी. तिथिरक्षकाचा मुलगा बहुधा न्यू जर्सीला किंवा टेक्सासला असतो आणि त्याला दिवाळीच्या आधी फराळ पोचायचा तर पार्सल वेळेत निघावे लागते. पार्सल वेळेत निघायचे तर चकलीची भाजणी त्याआधी दळून यावी लागते. आणि अशा रीतीने मागे मागे मोजत गेले की चकल्या तळण्याचा दिवस नेमका पितृपक्षात येतो. त्याच सुमारास घरात वडिलांची तिथी असते. एका शेगडीवर श्राद्धाची खीर आणि दुसऱ्या शेगडीवर दिवाळीचे तळण, असे दृश्य या शहरातल्या कितीतरी सुशिक्षित घरांत आता नवीन राहिलेले नाही, आणि गच्चीवर ठेवलेल्या पानातल्या वड्याला न शिवणारा कावळा शेजारी वाळत घातलेल्या चकलीवर झडप घालून गेला तर पितरांची हरकत नाही, असा कौल घेऊन पुढचा घाणा सोडला जातो. तिथिरक्षक त्या दिवशी मौन पाळतो. पार्सलचा डबा टेपने बंद करण्याचे काम मात्र त्याच्याकडे असते आणि ते तो अत्यंत काटेकोरपणे करतो.

रेल्वेच्या बाबतीत त्याला आयुष्यातला एकमेव विजय मिळालेला आहे. आगाऊ आरक्षणाची मुदत पूर्वी 120 दिवसांची असल्याने मुंबईच्या मुलीकडे भाऊबीजेला जायचे तर देवगिरी एक्सप्रेसचे तिकीट आषाढातच काढावे लागे, म्हणजे विठ्ठल पंढरपुरात उभा असतानाच यमद्वितीयेचा विचार करणे भाग पडे. रेल्वेने ही मुदत 60 दिवसांवर आणली आणि नवा नियम 1 नोव्हेंबर 2024 पासून लागू झाला. तो दिवस लक्ष्मीपूजनाचा होता. भारत सरकारचे एक तरी खाते पंचांग पाहून काम करते, असे तिथिरक्षकाने त्या रात्री जाहीर केले आणि आता साठ दिवस आधी सकाळी आठच्या ठोक्याला तो तिकिटासाठी बसतो. साठ दिवस आधी म्हणजे भाद्रपदच, पण तो कायद्याने ठरवून दिलेला भाद्रपद असतो.

त्याच्या लेखनाचा प्रश्न याहून नाजूक आहे. तिथिरक्षकांपैकी जे लिहिते असतात, आणि मराठवाड्यात निवृत्तीनंतर न लिहिणारा माणूस सापडणे कठीण, ते ‘सणांचे बाजारीकरण’ या विषयावर दिवाळी अंकासाठी लेख लिहितात. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 मध्ये ‘मनोरंजन’ मासिकाचा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून दिवाळी हा मराठी माणसाचा साहित्यिक सणही झाला. परंतु अंक दिवाळीत वाचकाच्या हाती पडायचा तर लेख श्रावणाच्या आत संपादकाकडे, जाहिराती त्याच्याही आधी, आणि लेखकांना निमंत्रणाची पत्रे उन्हाळ्यात जावी लागतात. त्यामुळे दिवाळी वेळेआधी येते या तक्रारीचा मसुदा तिथिरक्षक वैशाख वणव्यात, कूलरसमोर बसून तयार करतो. दिव्यांच्या झगमगाटाने डोळे दिपतात, असे वाक्य तो लिहितो तेव्हा बाहेर 42 अंश तापमान असते आणि भारनियमनाने पंखा बंद पडलेला असतो. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, ही म्हण या लेखात हमखास येते.

इथवर तिथिरक्षकाची गंमत करणे सोपे आहे, आणि ती करताना त्याच्या तक्रारीत एक गोष्ट खरी आहे याकडे दुर्लक्ष होण्याचा धोका आहे. सण कधी सुरू होतो याचा निर्णय पूर्वी चंद्राइतकाच पैसाही करीत असे. वाळूज, चिकलठाणा आणि नंतर शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतींतल्या कामगाराची दिवाळी बोनस हातात पडला त्या संध्याकाळी सुरू होई. 1965 च्या बोनस कायद्याने किमान 8.33 टक्के बोनस आणि तो हिशेबी वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांच्या आत देण्याचे बंधन घातले होते, म्हणजे मार्चअखेर वर्ष संपवणाऱ्या कारखान्याला नोव्हेंबरअखेरची मर्यादा, आणि व्यवहारात ती दिवाळीपाशी येऊन ठेपे. फुलंब्री, कन्नड, सिल्लोड, पैठणकडच्या शेतकऱ्याची दिवाळी सोयाबीन मोंढ्यावर गेले आणि कापसाची पहिली वेचणी घरात आली की सुरू होई. दुकानदार तोपर्यंत थांबे, कारण त्याआधी गिऱ्हाईकाच्या खिशात काही नसे. आता हप्त्यावर फ्रीज मिळतो, शून्य रुपये भरून मोबाइल मिळतो, आणि खिसा रिकामा असतानाही सण करता येतो; म्हणून दुकानदाराने कोणाच्या बोनसची किंवा कोणाच्या सोयाबीनची वाट पाहण्याचे कारण उरलेले नाही. माळा आधी लागतात त्या पगारदाराच्या उधारीसाठी, आणि शेतकरी बाजारात येतो तेव्हा त्याची गत वरातीमागून आलेल्या घोड्यासारखी होते.

2025 च्या सप्टेंबरात अतिवृष्टीने मराठवाड्यातले खरीप मोठ्या प्रमाणावर वाहून गेले. गोदाकाठची शेते पाण्याखाली होती, जनावरे वाहून गेली होती, सोयाबीन शेतातच सडत होते, आणि त्याच आठवड्यांत शहरातल्या दर्शनी काचांवर दीपावलीची सूट झळकत होती. त्या वर्षी तिथिरक्षकाने गुलमंडीवर पाच वाक्ये बोलली नाहीत. मोंढ्यात सोयाबीन येईपर्यंत तरी थांबायचे, एवढेच तो म्हणाला, आणि मालकाने “खरंय काका” हे एकदाच म्हटले, पण ते गिऱ्हाईकाकडे न पाहता म्हटले. पाणीपाळीचा त्याचा सिद्धान्त ऐकण्यासारखा होता तो याच एका बाबतीत, आणि दुर्दैवाने तो संस्कृतीविषयी बोलत बसल्यामुळे हे त्याला स्वतःलाही उशिरा उमगले.

एवढे मान्य केल्यावर त्याच्याविषयीचा मुख्य आक्षेपही नोंदवला पाहिजे. वसाहतीत दर वर्षी ‘दिवाळी’ हा शब्द सर्वप्रथम उच्चारणारा माणूस दुकानदार नसतो, लहान मूल नसते किंवा जाहिरातही नसते. तो तिथिरक्षक असतो. सकाळी सिद्धार्थ उद्यानात फिरताना “बघा, आत्ताच दिवाळी आणली यांनी” असे तो म्हणतो आणि ज्यांच्या मनात दिवाळी नव्हती त्या सहा जणांच्या मनात ती येते. त्यातले दोघे घरी जाऊन रंगाऱ्याला फोन करतात. त्याची तक्रार पूर्वी नवरात्रात सुरू होत असे, मग ती पितृपक्षात आली, त्यानंतर गणपतीत, आणि अलीकडे तो राख्या पाहूनच कंदिलांविषयी बोलू लागतो, म्हणजे दुकानदारांपेक्षा त्याचाच हंगाम अधिक वेगाने अलीकडे सरकला आहे. अडीचशेचा तो कंदीलही त्याने घेतलेला असतो. भाव चांगला होता आणि पुढे मिळणार नव्हता, अशी त्याची नोंद असून वसुबारसेपर्यंत तो माळ्यावर, जुन्या सुटकेसमागे, कोणाला दिसणार नाही असा ठेवलेला असतो; सौभाग्यवतींना तो कुठे आहे ते माहीत असते, कारण तिथेच त्यांनी गेल्या वर्षीचा ठेवलेला असतो.

या नमुन्याचा प्रत्यक्ष अभ्यास करू इच्छिणाऱ्यांसाठी काही व्यावहारिक माहिती देणे उचित ठरेल. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ असल्याने सगळे सण लांबतात: गणेश चतुर्थी 14 सप्टेंबरला, सर्वपित्री अमावस्या 10 ऑक्टोबरला, घटस्थापना 11 ऑक्टोबरला आणि लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला आहे. बाजार मात्र अधिक मास मानत नाही, त्यामुळे तिथी आणि दुकान यांतले अंतर यंदा नेहमीपेक्षा जास्त राहील आणि तिथिरक्षक भरात असतील. कोणत्याही शनिवारी सकाळी दहानंतर सुपारी हनुमानापाशी थांबावे, चेहरा गंभीर ठेवावा आणि कंदिलांकडे पाहून नुसता सुस्कारा टाकावा. पुढचे तो बोलेल. त्याचे बोलणे मध्येच तोडू नये, पाणीपाळीचा सिद्धान्त निदान एकदा शेवटपर्यंत ऐकून घ्यावा, आणि कंदील घ्यायचाच असेल तर त्याच्या आधी घ्यावा, कारण अडीचशेचा एकच असतो.